उलटा मासा

ही गोष्ट खरी आहे.

तुम्ही विश्वास ठेवलाच पाहिजे असा माझा हट्ट नाही. पण यातला विनोद माझा सख्खा आतेभाऊ आहे. त्याचं गॅरेज रत्नागिरीत, कुवारबावला, रस्त्याच्या कडेला आहे. आणि ती गाडी आज, मी हे लिहितोय त्या घडीला, तिथेच उभी आहे. मी तिला हात लावून आलोय.

अशा गोष्टी रात्री घडतात म्हणे. ही दुपारी घडली. टळटळीत ऊन, रस्त्यावर ट्रकची ये-जा, समोरच्या टपरीवर भजी तळली जातायत, अशा वेळी.

आणि दर वेळी ठरलेल्या घटकेला…

पावणेतीनला.

तारीखच हवी असेल तर यंदाच्या फेब्रुवारीतला शेवटचा रविवार. पण सुरुवात त्याच्या तीन महिने आधी झाली, दिवाळी आटोपल्यावर.

आधी विनोदबद्दल सांगतो. वय सत्तेचाळीस. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांमध्ये त्याचा हात धरणारा अख्ख्या जिल्ह्यात कोणी नाही. खेडपासून राजापूरपर्यंतचे लोक गाड्या टेम्पोत घालून त्याच्याकडे आणतात. बोलायला तिरसट, पैशाला सरळ, आणि इंजिनपुढे बसला की जेवणखाण विसरणारा.

त्याची एक सवय आहे. इंजिन पूर्ण उघडून बांधलं की आतल्या बाजूला, कोणाला कधी दिसणार नाही अशा जागी, तो पंचने ठिपके ठोकून एक छोटा 'वि' काढतो. मी एकदा विचारलं, दिसतच नाही तर उपयोग काय? तर म्हणाला, "जो उघडेल त्याला दिसेल. बाकीच्यांशी मला काय करायचंय?"

हे खोटं होतं. बाकीच्यांशी त्याला खूप काही करायचं होतं.

मितेश हा त्याचा बालमित्र. पहिलीपासून एका बाकावर बसलेले. मितेश पुढे मुंबईला गेला, ट्रान्सपोर्टच्या धंद्यात वर आला, ठाण्यात मोठं घर केलं. आणि त्याला नाद लागला जुन्या गाड्यांचा. गाडी शोधायची त्याने, जिवंत करायची विनोदने, आणि प्रदर्शनात बक्षीस घ्यायचं पुन्हा त्यानेच. आतापर्यंत चार गाड्या झाल्या. मितेशच्या हॉलमध्ये चार चषक आहेत. विनोदच्या गॅरेजमध्ये एका कंपनीचं कॅलेंडर आहे.

विनोदला मितेशचा हेवा वाटायचा. हे मी पदरचं सांगत नाही. त्याने स्वतः मला सांगितलंय, अगदी याच शब्दांत.

"लहानपणी त्याला नवी सायकल, मला भावाची. आता त्याच्या गाड्या, माझे हात. आणि सगळ्यात वाईट काय माहितेय? तो स्वभावाने चांगला आहे रे. वाईट असता तर निदान मोकळेपणाने जळता तरी आलं असतं."

तर दिवाळीनंतर एका सकाळी मितेशचा फोन आला.

"विन्या, पालीच्या पुढे एका वाडीत आलोय, काजूची जमीन बघायला. इथे एक गाडी मिळालीय. येझदी मोटरसायकल आहे असं वाटतंय, पण तिचं काहीतरी वेगळंच आहे. तू ये बघू."

विनोद गेला.

घराच्या मागे एक मांगर होता, म्हणजे शेतीचं सामान ठेवायची वेगळी खोपी. घरात एकट्या ठमाबाई. ऐंशीच्या पुढच्या, पाठीतून वाकलेल्या, पण डोळे लख्ख. त्यांनीच कडी काढली.

आत गोणपाटांखाली ती उभी होती.

वरून तिला हिरवा ऑइलपेंट फासला होता, होड्यांना लावतात तसला. टायर कुजले होते, तारा गंजल्या होत्या. दुसरा कोणी असता तर भंगारात घातली असती. विनोद मात्र तिच्याभोवती एक फेरी मारून खाली बसला आणि एकेक भाग बघायला लागला.

हँडल खाली घेतलेलं. पाय ठेवायच्या जागा मागे सरकवलेल्या. पुढचा दिवा नाही, तो बसवायची भोकंसुद्धा बुजवलेली. ब्रेकच्या प्लेटला वजन कमी करायला चाळणीसारखी भोकं पाडलेली. चेनवरचं झाकण काढून टाकलेलं. त्याने इंजिन नंबर आणि चेसिस नंबर, दोन्हींवर कागद ठेवून पेन्सिल घासली. जोडी जुळत होती. मग रॉकेलच्या फडक्याने तो पुढचा पत्रा घासत राहिला. हिरव्याखालून पांढरा गोल आला. आणि गोलात काळा आकडा.

सतरा.

"मित्या, ही रेसची गाडी आहे. घरची नाही. कोणीतरी हाताने एकेक भाग घासून बनवलीय."

मितेशने आनंदाने त्याच्या पाठीवर थाप मारली. विनोद मात्र तो आकडा घासतच राहिला. पंचेचाळीस वर्षं ही गाडी त्याच्या गॅरेजपासून पंचवीस किलोमीटरवर उभी होती. आणि मिळाली कोणाला, तर दोन दिवस जमीन बघायला आलेल्या माणसाला.

तेव्हाच त्याला एक गोष्ट खटकली.

सगळी गाडी धुळीत आणि गंजात बुडालेली. फक्त चेनच्या लॉकवरची एवढीशी क्लिप…

चकचकीत होती. रोज कोणी हाताळत असावं तशी.

गाडीच्या त्याच बाजूला एक बुटकं लाकडी स्टूल होतं. बसून बसून गुळगुळीत झालेलं. वर कोनाड्यात एक जुनी पक्कड. मांगरात कोंबड्या फिरत होत्या, पण स्टुलापाशी एकही जात नव्हती. तिथे आल्या की वळसा घालून जायच्या.

"आमच्या ह्यांचं बसायचं," ठमाबाई म्हणाल्या. "भागोजी मिस्त्री म्हनायचे त्यांना. गाडी ह्यांनी बनवलेली. चालवायचा रावजी, ह्यांचा दोस्त. लय पळवायचा. बक्षिसा आनायचा."

त्यांनी घरातून एक फोटो आणला. गाडीवर बसलेला देखणा तरुण, गळ्यात हार. आणि सीटच्या मागच्या टोकावर एक हात. नुसता हात. बाकीचा माणूस फोटोच्या बाहेर.

"हा ह्यांचा हात. फोटोवाला बोलला, मिस्त्री, वाईच बाजूला व्हा. पेपरात छापून आला तेवा पन हातच आला." त्या थोडं हसल्या. "हे काय बोलले नाय. पन लागलेलं त्यांना. रावजीचा लय राग करायचे मनात. मला कळायचं."

"मग?" मितेशने विचारलं.

"मग वर सड्यावर, कातळाच्या माळावर, शर्यत झाली. दुपारची. चेन तुटली नि रावजी पडला. जागीच गेला. त्यानंतर ह्यांनी दुसऱ्या गाडीला हात लावला नाय. रोज जेवले की हितं येऊन बसायचे. मरंपर्यंत, अठ्ठावीस वर्सं."

"काही बोलायचे नाहीत?"

"जाताना एकदाच बोलले. 'मला दिसलेलं ठमे, सांगायला टाइम होता.' काय दिसलेलं, ते त्यांचं त्यांनाच ठाव."

व्यवहार ठरला. मितेशला स्टूलही आवडलं, तेही टेम्पोत चढलं. पक्कड ठमाबाईंनी स्वतःच विनोदच्या हातात दिली.

विनोदने कामाला सुरुवात केली.

मी त्याला इतका रमलेला कधी पाहिला नव्हता. हिरवा रंग खरवडायलाच आठ दिवस गेले. टाकीचे पोचे काढायला तो चिपळूणच्या एका कारागिराकडे दोनदा जाऊन आला. मग इंजिन उघडलं. आतलं काम बघून त्याने मला मुद्दाम फोन केला.

"सिलिंडरमधल्या वाटा, ते पोर्ट, आरशासारखे घासलेत रे. हाताने. त्या काळात, चिमणीच्या उजेडात. या माणसाचं नाव कोणाला माहीत नाही."

आणि क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचाच्या, आतल्या बाजूला, कोणाला कधी दिसणार नाही अशा जागी, पंचचे ठिपके होते.

'भा'.

विनोद त्या अक्षराकडे बघत बसला. त्याला पहिल्यांदाच कोणीतरी आपल्या जातकुळीचं भेटलं होतं. मग त्याने पंच घेतला आणि त्या 'भा'ला चिकटून आपला 'वि' ठोकला.

हेच त्याने करायला नको होतं, असं तो आता म्हणतो.

दुसऱ्या दिवसापासून वास यायला लागला.

दुपारी गॅरेज शांत असतं. शटर अर्धं खाली, पंखा चालू, विनोद डबा खाऊन पाठ टेकतो. त्या दिवशी त्याला जाग आली ती वासाने. जळलेल्या एरंडेलाचा वास.

पूर्वी रेसच्या गाड्यांमध्ये पेट्रोलात एरंडेल घालायचे. विनोदला हे त्याच्या उस्तादाकडून ठाऊक होतं. पण त्याच्या गॅरेजमध्ये एरंडेलाचा थेंब नव्हता. आणि त्या गाडीत अजून पेट्रोलच पडलं नव्हतं.

त्याने घड्याळ पाहिलं. पावणेतीन.

पाच मिनिटांत वास गेला. तो विसरून गेला.

जानेवारीत गाडी जोडून झाली. शेवटी चेन चढली. इथे मला जरा समजावून सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

चेनची दोन टोकं जोडायला लॉक असतं. लॉक निघू नये म्हणून त्यावर एक क्लिप बसते. दिसायला छोट्या माशासारखी. एक बाजू बंद, ते डोकं. दुसऱ्या बाजूला फट, ती शेपूट. चेन ज्या दिशेने धावते तिकडे डोकं ठेवायचं. मासा पोहतो तसं. विनोदच्या उस्तादाने त्याला पहिल्याच दिवशी हे शिकवलं होतं. मासा उलटा बसवला तर कधीतरी क्लिप उडते. चेन निसटते, मागच्या चाकात अडकते आणि चाक जागच्या जागी जाम होतं.

कधी उडेल, ते मात्र कोणी सांगू शकत नाही.

विनोदने क्लिप बसवली. डोकं पुढे. हात पुसले, जेवला, आडवा झाला.

वासाने जागा झाला. पावणेतीन. आणि सहज चेनकडे नजर गेली…

मासा उलटा होता.

त्याने स्वतःला शिवी दिली. तीस वर्षांत ही चूक झाली नव्हती. वय झालं म्हणाला आणि क्लिप सरळ केली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटी.

आता मात्र त्याने लाल रंगाची बाटली घेतली आणि माशाच्या डोक्यावर एक ठिपका दिला. लांबूनही दिसावा असा. लाल पुढे असेल तर बरोबर, लाल मागे असेल तर उलटं. वादच नको.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको, रुचिरा, दुपारचा चहा घेऊन आली. घर मागच्याच गल्लीत आहे. ती शटरखालून वाकून आत आली आणि तशीच परत वळली. थोड्या वेळाने पुन्हा आली, तेव्हा हातात दोन कप होते.

"एक कोणाला?" विनोदने विचारलं.

"त्या आजोबांना. मघाशी बसले होते ना स्टुलावर, गाडीजवळ. पाठमोरे. गेले का?"

विनोद सकाळपासून एकटा होता.

त्याने चेनकडे पाहिलं.

लाल मागे…

दुसरा कप तसाच राहिला. त्यावर साय धरली. दोघांपैकी कोणीच तो ओतून टाकला नाही.

त्यानंतरच्या दुपारी विनोद झोपलाच नाही. तो एका खोक्यावर, गाडीसमोर बसला. नजर क्लिपवर. अडीच वाजले. दोन चाळीस. बाहेर ट्रक जात होते. टपरीवरचा रेडिओ वाजत होता.

मग पंखा थांबला.

रेडिओही थांबला. ट्रकचा आवाज गेला. नुसती शांतता. गच्च.

एरंडेलाचा वास आला.

आणि आवाज आला. बारीक. पक्कडीने क्लिप सरकवताना येतो तो…

टिक्.

विनोदने पापणी मिटली नव्हती. हे तो आईची शपथ घेऊन सांगतो. लाल ठिपका पुढे होता, आणि मग तो मागे होता. मधलं काही त्याला दिसलं नाही.

पंखा पुन्हा फिरायला लागला.

तुम्ही म्हणाल, मग त्याने मितेशला का सांगितलं नाही?

त्याने फोन लावला होता. त्याच संध्याकाळी. पण आधी मितेशच बोलायला लागला. रत्नागिरीतच मैदानावर जुन्या गाड्यांचा मेळावा आहे, शेवटच्या रविवारी. फलक छापायला दिलाय. त्यावर गाडीचा फोटो, आणि खाली मितेशचं नाव. नुसती फेरी नाही मारणार, सरळ पट्टीवर चौथ्या गिअरला पळवून दाखवणार.

"विन्या, तू बघच. सगळे वेडे होतील."

"हो," विनोद म्हणाला. "तू काय, नशीबवान." आणि फोन ठेवला.

त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या मनात तो विचार आला. तो एका दिवशी मासा सरळ करायला विसरला तर? विसरलाही नाही, समजा. सरळ करून ठेवला आणि नंतर कोणी उलटा केला, तर त्यात विनोदचा काय दोष?

त्याला स्वतःची भीती वाटली. पण विचार गेला नाही. महिनाभर तो रोज दुपारनंतर क्लिप सरळ करत राहिला आणि रोज तो विचार थोडा थोडा ओळखीचा होत गेला.

रविवार उजाडला.

सकाळी मैदानावर विनोदने गाडी शेवटची तपासली. लाल पुढे. त्याने अंगठ्याने दाबून पाहिलं. घट्ट. गाडी अशी दिसत होती की लोक बाकीच्या गाड्या सोडून तिच्याभोवती जमले. पांढऱ्या गोलात काळा सतरा. म्हातारी माणसं मोबाइल काढून फोटो घेत होती.

फेरी बाराला ठरली होती. पाहुणे उशिरा आले. भाषणं लांबली. मितेशचा नंबर येईपर्यंत ऊन कलायला लागलं.

ध्वनिक्षेपकावरून आवाज आला. "आणि आता सतरा नंबर. श्री. मितेश यांनी स्वतः शोधून, स्वतः जीव ओतून, स्वतःच्या हातांनी उभी केलेली…"

स्वतःच्या हातांनी.

मितेशच्या ते कानावरही गेलं नसेल, तो हेल्मेट चढवत होता. विनोद सीटच्या मागच्या टोकावर हात ठेवून उभा होता. समोर कॅमेरेवाला आला. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला, मग खाली घेतला.

"अहो मेकॅनिक… जरा बाजूला व्हा ना."

विनोद बाजूला झाला. पुढे दोर लावला होता, त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. दहा पावलं.

त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. वास आला होता.

त्याने चेनकडे पाहिलं…

लाल मागे.

दहा पावलांवरून स्वच्छ दिसत होतं. मितेशने किकवर पाय ठेवला होता, अजून मारली नव्हती. त्याने वळून विनोदकडे बघून अंगठा दाखवला. हसत होता. पहिलीच्या बाकावर हसायचा तसाच.

विनोदने तोंड उघडलं.

आणि मिटलं.

"वेळ होता," तो मला म्हणाला. "भरपूर वेळ होता रे. एक हाक मारायची होती. मी मारली नाही."

गाडी सुटली. पहिला, दुसरा, तिसरा. आवाज असा की अंगावर काटा यावा. लोक ओरडत होते. पट्टी अर्धी झाली. आता चौथा पडणार, गाडी झेप घेणार, असं सगळ्यांना वाटलं. पण आवाज चढायच्या ऐवजी उतरला. मितेशने वेग कमी केला होता.

आणि तेवढ्यात 'टक्' झालं.

चेन सापासारखी उडाली. मागचं चाक जाम झालं. गाडी आडवी पडून फरफटत गेली आणि मितेश बाजूला फेकला गेला.

खांद्याजवळचं हाड मोडलं. डावा पाय दोन ठिकाणी मोडला. पण जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, याच्या दुप्पट वेग असता तर आम्हाला बोलवायची गरजच पडली नसती.

विनोद दोन दिवस दवाखान्याबाहेर बसून होता. आत जायची त्याची हिंमत होत नव्हती. तिसऱ्या दिवशी मितेशनेच बोलावून घेतलं. विनोद आत गेला आणि खाली मान घालून उभा राहिला. कबूल करायचं ठरवूनच तो गेला होता.

मितेशने उजव्या हाताने त्याचा हात धरला.

"विन्या, तू नसतास तर मी मेलो असतो."

विनोदला काही कळेना.

"मी चौथा टाकणारच होतो. पाय गिअरवर ठेवलेला. आणि तू कानाशी येऊन बोललास. 'चौथा टाकू नको, थांबव.' आवाज बसला होता तुझा, ओरडून ओरडून बसतो तसा. पण स्पष्ट ऐकलं मी. म्हणून वेग कमी केला."

विनोद दोराच्या पलीकडे होता. त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता.

"फक्त एक कळलं नाही," मितेश म्हणाला. "तू मला रावजी का म्हणालास?"

…

विनोद काय बोलला असेल?

तो म्हणाला, "असंच. घाईत तोंडातून निघून गेलं."

त्याने उपकार आपल्या नावावर घेतले. पंचेचाळीस वर्षं थांबून ज्याने ती हाक मारली, त्याचं नाव या वेळीही फोटोच्या बाहेर राहिलं.

विनोद ठमाबाईंकडे जाऊन आला. त्याने काही सांगायच्या आधी त्याच बोलल्या. "हे गेले रे. कसं सांगू तुला, रोज दुपारी मांगरात कोनतरी हाय असं वाटायचं. गाडी नेलीत तरी वाटायचं. रविवारपासून कायच नाय. कोंबड्या पन आता खुशाल फिरतात तितं."

आता राहिलं शेवटचं.

मोडलेली गाडी पुन्हा विनोदकडेच आली. मितेशने सांगितलंय, दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायचीच नाही, विन्याने माझा जीव वाचवलाय. ठाण्याला जाईल त्याला तो हेच सांगतो. गणपतीत तो येणार आहे, तिला चालवायला. पाय बरा झालाय.

गेल्या आठवड्यात मी कुवारबावला गेलो होतो. रुचिरा आधी घराकडे घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, हे जेवले की गाडीजवळ जाऊन बसतात. रोज. त्याच स्टुलावर. हाका मारल्या तरी ऐकू जात नाही."

मी गॅरेजकडे गेलो. शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेलो.

विनोद पाठमोरा बसला होता. हातात ती जुनी पक्कड. घड्याळात पावणेतीन वाजले होते. मी थांबून वास घेतला. वास नव्हता. पंखा चालू होता, रेडिओ वाजत होता.

तेव्हा त्याने मला हे सगळं सांगितलं. आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

मी चेनकडे पाहिलं. नव्या क्लिपवरही त्याने लाल ठिपका दिला होता, आणि तो पुढे होता.

"आता उलटी होते का?" मी विचारलं.

"नाही," विनोद म्हणाला. "त्या दिवसापासून एकदाही नाही. मी जशी लावतो तशीच राहते."

हे सांगताना त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी म्हणालो, मग चांगलंच आहे की. त्याने मान हलवली.

"तू समजत नाहीस. आता उलटी दिसली… तर ती मीच केलेली असेल."

आणि मग, माझ्याकडे न बघता, "काल मित्याचा फोन आलेला. नवीन फलक छापतोय. त्यावर नाव त्याचंच आहे."

पक्कड त्याच्या बोटांत उघडत होती, मिटत होती. टिक्. टिक्.

मी तिथून निघालो. तेव्हापासून मला नीट झोप नाही. मितेशचा नंबर माझ्याकडे आहे. एक फोन करायचा आहे फक्त. रोज काढतो तो नंबर, आणि रोज फोन खाली ठेवतो. का, ते मलाही सांगता येणार नाही. मितेश मलाही लहानपणापासून ओळखतो. त्याची ती नवी सायकल मीसुद्धा पाहिलेली आहे.

गणपतीला अजून बारा दिवस आहेत.

सांगायला वेळ आहे.